बेल्ट परीक्षेत कुणी नापास का होत नाही? : क्रीडा आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
क्रीडा व युवक सेवा, महाराष्ट्र राज्य,
म्हाळुंगे-बालेवाडी, पुणे

महोदय,

रत्नागिरी जिल्ह्यातल्या पेपरांची स्थानिक पानं काही दिवस चाळली, तर एक बातमी हमखास सापडते : तायक्वांदो किंवा कराटेच्या बेल्ट परीक्षेत अमुक क्लबच्या मुलांचं घवघवीत यश. खाली यलो, ग्रीन, ब्लू, रेड अशी रंगवार नावं, मग प्रशिक्षकांचं आणि पालकांचं अभिनंदन. वर फोटो. पांढऱ्या ड्रेसातली मुलं तीन रांगांत, मुठी छातीसमोर. नापासांचा उल्लेख त्या बातमीत नसतो, कारण बहुधा नापास कुणी झालेलंच नसतं. दहावीचा निकाल शंभर टक्के लागला की एक शाळा पेढे वाटते आणि शेजारची नाक मुरडते. बेल्ट परीक्षेच्या शंभर टक्क्यांकडे पाहून मात्र कुणी नाकही मुरडत नाही. देवरुखातून हे पत्र लिहिण्याचं कारण तेवढंच आहे.

हे कुणा क्लबाविरुद्धचं गाऱ्हाणं नव्हे. बेल्ट परीक्षा बंद करा, असंही म्हणणं नाही. उलट संगमेश्वर तालुक्यासारख्या ठिकाणी ही परीक्षा फार कामाची आहे.

कामाची कशी, ते परीक्षेच्या दिवशी हॉलच्या कडेला बसलं की दिसतं. साडवली, कोसुंब, आंगवली अशा आजूबाजूच्या गावांतली मुलं सकाळच्या एसटीने आलेली असतात, दप्तरात डबा आणि इस्त्री केलेला डोबोक, म्हणजे तायक्वांदोचा पांढरा ड्रेस. रोजच्या क्लासमध्ये तीस मुलं एकदम ‘तेगुक इल जांग’ करतात. तायक्वांदोतली ही पहिली पूमसे, म्हणजे अठरा हालचालींची ठरलेली मालिका. तिसांतली निम्मी शेजारच्याकडे चोरून बघत वळतात आणि गर्दीत ते खपून जातं. परीक्षेत नाव पुकारलं की एकट्यानं पुढे यावं लागतं. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी ‘जुंबी’त, म्हणजे सज्ज पवित्र्यात, उभी राहते. डावीकडे वळून खालचा ब्लॉक, एक पाऊल पुढे, पंच. उलट वळून पुन्हा ब्लॉक, पुन्हा पंच. पाचव्या हालचालीला पवित्रा बदलतो. आखूड पावलाऐवजी लांब पाऊल टाकून पुढचा गुडघा वाकवायचा असतो. तिथे ती अडते. टेबलामागे तिचे नेहमीचे सर असते, तर ‘डावा, डावा’ असं त्यांच्या तोंडून गेलंच असतं. पण तिथे बाहेरून आलेले परीक्षक बसलेत आणि ते नुसते थांबतात. आई खिडकीबाहेरून खुणा करतेय, त्या मुलीला दिसत नाहीत. मग ती खाली बघते, मुठी पुन्हा कमरेला घेते आणि डावा पाय लांब टाकते.

परीक्षेची खरी कमाई त्या चार-पाच सेकंदांत आहे. ओळखीचं कुणी मदतीला नसताना, अनोळखी माणसापुढे, आठवत नसलेली गोष्ट आठवून दाखवणं. गावातल्या मुलांना अशी संधी शाळेत क्वचित मिळते. तिथे बाकावर डोकं खाली घालून लिहायचं असतं. शिवाय ही परीक्षा शिकवणाऱ्याचीही होते. दहातली आठ मुलं त्याच पाचव्या हालचालीला अडली, तर चूक कुणाची हे परीक्षकाला सांगावं लागत नाही.

पट्ट्यांची ही पद्धत मुळात एका शिक्षकाने आणली, हे इथे मुद्दाम सांगण्यासारखं आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोडोकान काढून ज्यूदो शिकवायला सुरुवात केली. पुढे शिक्षक घडवणाऱ्या मोठ्या संस्थेचे ते प्रमुख होते, आणि १९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर गेलेले ते पहिले आशियाई सदस्य. त्यांच्या आधी जपानी विद्यांमध्ये गुरू शिष्याला परवान्याची गुंडाळी देत असे, पण एका गुंडाळीपासून दुसरीपर्यंत इतकी वर्षं जात की नवख्याचा धीर सुटे. कानोंनी ‘गो’ या पटावरच्या खेळातली ‘दान’ ही श्रेणी उचलली आणि १८८३ साली शिरो साइगो व त्सुनेजिरो तोमिता या दोन शिष्यांना पहिली दान दिली. काळा पट्टा त्यानंतर आला. कराटेत गिचिन फुनाकोशी यांनी पहिल्या दान दिल्या त्या १९२४ मध्ये. पिवळा, नारिंगी, हिरवा ही रंगांची उतरंड तर युरोपात रुळली. १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशींचं नाव त्यासाठी घेतलं जातं. युरोपातल्या शिष्यांना लांबचं काळं टोक दिसेपर्यंत दम निघत नव्हता, म्हणून मधले थांबे वाढवले. थोडक्यात, रंगांना हजार वर्षांची गूढ परंपरा वगैरे काही नाही. ती शिकवण्याची सोय आहे, आणि सोय म्हणून ती उत्तम आहे.

तायक्वांदोचं कोरियातलं केंद्र कुक्कीवॉन १९७२ मध्ये सुरू झालं. तिथले नियम वाचले तर कडकपणा कुठे हवा ते कळतं. पंधरा वर्षांखालच्या मुलाला ते ‘दान’ देतच नाहीत, ‘पूम’ देतात. त्याचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा. पहिल्या दाननंतर दुसरीसाठी किमान एक वर्ष, तिसरीसाठी आणखी दोन, चौथीसाठी आणखी तीन. वाट बघणं नियमातच लिहिलेलं आहे. पण हे झालं काळ्या पट्ट्याचं. त्याखालच्या रंगीत पट्ट्यांचा सगळा कारभार क्लबांकडे आणि स्थानिक संघटनांकडे असतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक मुलांचा प्रवास तिथेच सुरू होऊन तिथेच संपतो. आठवी-नववीत क्लास सुटतो. ब्लू बेल्ट कपाटात राहतो.

कुणी म्हणेल, पट्टे हवेतच कशाला? कुस्तीत कुठे आहेत? खरंच नाहीत. तालमीत पोराची प्रगती वस्ताद त्याची जोड कुणाशी लावतो यावरून कळते. जत्रेत आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग रोख इनामाच्या; १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव याच मातीतून वर आले. ब्राझिलियन जिउ-जित्सूत पट्टे आहेत, पण अनेक ठिकाणी परीक्षा नसते. शिकवणारा रोजच्या झटापटीत बघतो आणि एक दिवस पट्टा बांधतो. या दोन्हींत समोरचा माणूस रोज तुम्हाला पाडतच असतो, त्यामुळे खोटा मोठेपणा फार दिवस टिकत नाही. देवरुखातल्या संध्याकाळच्या तासाभराच्या क्लासमध्ये, जिथे पहिलीतलं मूल आणि नववीतला मुलगा एकाच मॅटवर आहेत, तिथे रोज पाडापाडी शक्य नाही आणि योग्यही नाही. तिथे परीक्षाच लागते. मग ती परीक्षेसारखी असावी, इतकंच.

आणि अशी परीक्षा घेणं महाराष्ट्राला नवीन नाही. १९३१ मध्ये स्थापन झालेलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ प्रारंभिक ते अलंकार अशा पायऱ्यांनी संगीताच्या परीक्षा घेतं. अभ्यासक्रम छापील, परीक्षक बाहेरचा. कोकणातल्या लहानशा केंद्रावर पेटी घेऊन बसलेल्या मुलीलाही तोच राग, तेच ताल विचारले जातात. शासनाच्या रेखाकला परीक्षा तर घरोघरी ठाऊक आहेत. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन, हे आठवीतलं मूलही सांगतं. कला महाविद्यालय असलेल्या या गावात तर विचारायलाच नको. ड्रॉइंगचे सर कितीही लाडके असोत, कागद त्यांच्याकडे तपासायला जात नाही. ‘सी’ ग्रेड मिळते, कधी नापासही होतं. मूल रडतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसतं. बेल्टच्या बाबतीत हाच साधा नियम आपण का विसरतो?

उत्तर पैशात आहे, आणि ते सांगताना प्रशिक्षकाला झोडपण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या गावात मार्शल आर्ट शिकवणाऱ्या माणसाला पगार नसतो. महिन्याची फी मुलांच्या संख्येवर, आणि संख्या पावसावर, परीक्षांवर, भातलावणीवर. जुलैत कोकणातल्या पावसात संध्याकाळी सहाला मूल पाठवायला कोण तयार होणार? त्यामुळे बेल्ट परीक्षेची फी, पट्ट्याचे, प्रमाणपत्राचे पैसे हाच अनेकांचा हंगाम असतो. नापास केलं तर मूल क्लास सोडेल, त्याची बहीणही सोडेल, आणि आई शेजारणीला सांगेल. अशा स्थितीत तीन महिन्यांनी सगळ्यांना पास करणं हा दुष्टपणा नव्हे, पोट आहे. जगभर हेच चालतं. पट्टे विकणाऱ्या क्लबांना इंग्रजी मुलखात ‘मॅकडोजो’ म्हणून हिणवतात. पण पोटासाठी केलं तरी फसवणूक मुलाचीच होते. त्याला वाटतं आपल्याला येतं.

पालकांचे गैरसमज यात भर घालतात. ‘याचे दहावीला मार्क मिळतात ना?’ हा पहिला प्रश्न. आपल्या खात्याला उत्तर ठाऊक आहे : सवलतीचे गुण असोत की नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, मोजली जाते ती स्पर्धेतली कामगिरी. आरक्षणाबाबतचा १ जुलै २०१६ चा शासन निर्णय तेच सांगतो. पट्ट्याच्या रंगाला तिथे किंमत नाही, पण हे क्लासच्या दारात कुणी सांगत नाही. कागदाच्या मोहाने काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. ट्रॅम्पोलिन या खेळाच्या बोगस प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याचं प्रकरण आपल्याच कचेरीला निस्तरावं लागलं. दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. ‘यलो बेल्ट झाली, आता एकटी पाठवायला हरकत नाही.’ समग्र शिक्षा अभियानात मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण दिलं जातं, त्याची मुदत तीन महिन्यांची. ते चांगलंच आहे. ओरडायचं कसं, मनगट सोडवायचं कसं, पळायचं कधी, हे तीन महिन्यांत शिकवता येतं. पण त्यावर पट्टा बांधून ‘आता तू सुरक्षित’ असं सांगणं अंगाशी येईल. नऊ वर्षांच्या मुलीला पूमसे येते याचा अर्थ तिला पूमसे येते.

मग आपण काय करावं? बेल्टची सरकारी परीक्षा सुरू करू नये, हे आधी. तायक्वांदोतल्या आणि कराटेतल्या संघटनांचे वाद कोर्टापर्यंत जातात. अमुकच संघटना खरी असा शिक्का मारायला गेलात तर आपली कचेरीच त्या आखाड्यात उतरेल. त्यापेक्षा सोपं आणि आपल्या हातातलं काम आहे. तालुका क्रीडा संकुलं आणि अनुदानित शाळांचे हॉल या क्लासेसना वापरायला मिळतात. ते देताना एक अट घाला : दाराशी फळा. त्यावर प्रत्येक पट्ट्याचा अभ्यासक्रम मराठीत, दोन पट्ट्यांमधला किमान काळ, परीक्षेची सगळी फी एकरकमी, प्रमाणपत्र कुणाचं आणि त्याचा कुठे उपयोग होतो, कुठे होत नाही. प्रशिक्षकाचं नाव आणि पात्रताही. परीक्षा घेणारा त्या क्लबचा नसावा. पालकांना आत बसू द्यावं, फक्त खुणा करू देऊ नयेत.

आणि नापास मुलाला महिन्याभरात पुन्हा बसता यावं, तेही नव्याने फी न भरता. ही अट सर्वांत महत्त्वाची, कारण ती असली की प्रशिक्षकाला नापास करायला धीर येतो आणि आईला राग येत नाही. ‘अजून झालं नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा दाखव’ एवढंच मग म्हणायचं उरतं. यात प्रशिक्षकाचं जे नुकसान होईल, ते हॉलचं भाडं माफ करून भरून काढता येईल. हॉल एरवी संध्याकाळी कुलूपबंदच असतात.

रत्नागिरी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत हे एका तालुक्यात वर्षभर करून बघता येईल. तो तालुका संगमेश्वर असावा अशी विनंती आहे. क्लास आहेत, मुलं आहेत, आणि फळा लिहायला कला महाविद्यालयाचे विद्यार्थीही आहेत. वर्षाअखेरीस किती मुलं पहिल्यांदा नापास झाली आणि त्यातली किती परत आली, हे दोन आकडे मागवावेत. पास किती झाली ते पेपरात येईलच.

आपला,
देवरूखचा एक पालक