पूर ओसरल्यावर बॅचनं काय करायचं?

आज आठवण कमी आणि मत जास्त लिहिणार आहे, चालवून घ्या.

मिरगाचा पाऊस लागला की आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. "यंदा पूर आला तर आपण काहीतरी केलं पाहिजे." खाली वीस-पंचवीस अंगठे आणि हात जोडलेली चित्रं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुविचार आणि गुडघेदुखीवरचे उपाय सुरू. आम्ही १९७१ चे बी.कॉम. निम्मी मंडळी निपाणी, बेळगाव, कोल्हापूर या टापूत, बाकीची पुण्या-मुंबईला आणि चौघं अमेरिकेत. तुमच्याही बॅचचं चित्र यापेक्षा फार वेगळं नसावं.

माझं म्हणणं सरळ आहे. संकटाच्या वेळी माजी विद्यार्थ्यांनी घाईघाईनं स्वतःचं वेगळं मदतकार्य उघडू नये. त्या भागात बारा महिने राबणारी एखादी संस्था धरावी आणि तिच्या मागं उभं राहावं. पैसा द्यावा, वेळ द्यावा, आणि आपल्याजवळ जे सगळ्यात जास्त आहे ते, म्हणजे ओळखी, त्या द्याव्यात. हे सगळं पाऊस पडायच्या आधी ठरवावं.

असं का म्हणतो ते सांगतो.

ऑगस्ट २०१९ चा पूर आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, तिकडं शिरोलीला पंचगंगेचं. पुणे-बंगळूर रस्ता बंद. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, पण त्या दिवसांत ते लंडनएवढं लांब झालं. दूधगंगा येते काळम्मावाडीकडून, वेदगंगा पाटगावकडून. दोन्ही नद्या महाराष्ट्रातल्या, आणि पाणी शिरतं ते आपल्या कर्नाटकातल्या गावांत. नदीला कुठली सीमा आणि कुठला नाका?

पाणी उतरायला लागलं तशी मदत सुरू झाली. लोकांचं मन मोठं, यात शंका नाही. पण काय आलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा. जुन्या साड्यांचे, पॅन्टींचे ढीग, रस्त्याकडेला भिजत पडलेले. एकाच गावात बिस्किटांचे पाच टेम्पो, कारण ते गाव हायवेला लागून. आत चार किलोमीटरवरच्या गावात कुणी नाही, कारण तिथला रस्ता कुणाला ठाऊक नाही. गावातल्या पोरांचे फोन यायचे, "काका, कपडे बास झाले. फिनेल, झाडू, ब्लीचिंग पावडर पाठवा. जनावरांना वैरण न्हाई." हे कळायला तिथलं कुणीतरी आपलं माणूस लागतं. पुण्याहून निघालेल्या ट्रकला ते कळत नाही.

आमच्या बॅचनं दोन दिवसांत पावणेदोन लाख रुपये जमवले. मग भांडणं! एकाला ब्लँकेट वाटायची होती, एकाला वाटताना फोटो हवा होता, एकाला आपल्याच गावात वाटप हवं होतं. शेवटी आमच्यातला एकजण, जन्मभर एलआयसीत काढलेला, म्हणाला, "गड्यांनो, आपण सत्तरीचे. चिखलात उतरून आपण काय करणार? जे उतरलेत त्यांना विचारूया की." तालुक्यात एक छोटी संस्था आहे, एरवी मुलांचे अभ्यासवर्ग चालवते. तिची पोरं पहिल्या दिवसापासून चिखल उपसत होती. त्यांना विचारलं, तर त्यांनी पैशाआधी वेगळंच मागितलं. म्हणाले, "काका, तुम्ही लोक अर्ज भरायला बसाल काय?"

खरी गोष्ट इथं सुरू होते.

सरकारनं पूरग्रस्तांना तातडीचे दहा हजार आणि पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख जाहीर केले होते. पण ते हातात पडायला पंचनाम्यात नाव लागतं, उतारा लागतो, आधार लागतं, पासबुक लागतं. घराचे पैसे तर हप्त्यानं, बांधकाम जसं पुढं सरकेल तसे. आणि सगळे कागद कन्नडमधून. आपल्या खेड्यातल्या साठीच्या पुढच्या माणसाला कन्नड बोललेलं कळतं, लिहिलेलं कळत नाही. घर अजून मयत सासऱ्याच्या नावावर. पासबुक पुरात वाहून गेलेलं.

देवळाच्या मंडपात आम्ही एक टेबल आणि चार खुर्च्या टाकल्या. हुबळीला पंचवीस वर्षं नोकरी केलेला आमचा मित्र कन्नड अर्ज लिहायचा. मी बँकेची बाजू बघायचो. एक निवृत्त मास्तर कोण येऊन गेलं, काय राहिलं, याची वही ठेवायचे. तीन आठवडे, दिवसाआड.

एक म्हातारी रोज यायची, गपचूप बसून जायची. चौथ्या दिवशी बोलली, "माझं पैसं कुठं अडकलं बघ की लेका." तिचे दहा हजार जमा झालेले होते, पण खात्यावर दोन वर्षं व्यवहार नसल्यामुळं खातं निष्क्रिय झालेलं, पैसे काढता येत नव्हते. बँकेत तीन वेळा जाऊन आली होती. प्रत्येक वेळी "उद्या या". कुठली बँक ते सोडा, सगळीकडं असंच असतं. खरं काम किती? केवायसीचा एक फॉर्म, आधारची प्रत, दोन फोटो, एक सही नाहीतर अंगठा. तिच्यासोबत जाऊन काउंटरवर उभा राहिलो, खातं चालू झालं. माझ्यासारख्या माणसाला त्यात अवघड ते काय? पण तिच्यासाठी पंधरा दिवस ते दहा हजार नसल्यासारखेच होते.

सांगायचा मुद्दा हा की ब्लँकेट कुणीही देऊ शकतं. बँकेचा फॉर्म, कन्नड अर्ज, उताऱ्यावरची वारसनोंद, डॉक्टरची चिठ्ठी वाचून औषध समजावणं, हे बॅचमधल्या माणसांना येतं. चाळीस वर्षं नोकरीत हेच केलं की आपण! एका बॅचमध्ये बँकवाला असतो, मास्तर असतो, कंपाउंडर असतो, महसूल खात्यातला कारकून असतो. लहान संस्थेला असा संच पगार देऊन परवडत नाही. आपल्याकडं तो फुकट बसून आहे.

दुसरी गोष्ट ओळखीची. आपला भाग कसा आहे बघा. देवचंद कॉलेज म्हटलं की निपाणीचं, पण ते उभं आहे अर्जुननगरात, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. घर कर्नाटकात आणि वर्ग महाराष्ट्रात, अशी पिढ्यान् पिढ्या शिकलेली माणसं आपल्याकडं आहेत. कोरोनात याचं मोल कळलं. कोगनोळी नाक्यावर तपासणी, कधी पास, कधी आरटीपीसीआरचा दाखला. निपाणीकडच्या माणसाला मोठ्या दवाखान्यासाठी कोल्हापूर जवळ, बेळगाव जवळपास दुप्पट लांब. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात बेड कुठं आहे, ऑक्सिजन कुठं आहे, हे हेल्पलाइनपेक्षा आधी वर्गमित्राला माहीत असायचं, कारण त्याचा मुलगा नाहीतर सून तिथं डॉक्टर. दोन सरकारांच्या दोन याद्या होत्या. दोन्हीकडं ओळख असलेली यादी फक्त बॅचच्या ग्रुपवर होती. नाक्याच्या अलीकडं-पलीकडं एकमेकांना "अरे-तुरे" म्हणणारी माणसं असणं ही मोठी पुंजी आहे. ती संस्थांच्या हाती द्या.

आता पैशाचं बोलतो, कारण इथं माझ्यातला बँकवाला गप्प बसत नाही.

पैसे कुणा एकाच्या बचत खात्यावर गोळा करू नका. तो माणूस कितीही सज्जन असो, वर्षभरानं हिशेब विचारला की मैत्री तुटते. थेट संस्थेच्या खात्यावर पाठवा आणि पावती घ्या. ८०जी ची सूट हवी असेल तर दोन हजारांच्या वर रोख देऊ नका, ती धरली जात नाही. वस्तूरूपानं दिलेल्या दानालाही सूट नाही. नव्या कररचनेत तर ही सूट मुळातच नाही, तेव्हा दान करायचं ते मनापासून करा!

परदेशातल्या मित्रांबाबत फार गोंधळ असतो. तिकडं राहणारा मित्र अजून भारतीय पासपोर्टवर असेल, तर बँकेमार्फत आलेलं त्याचं दान परदेशी देणगी धरलं जात नाही. त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड असलं तरी, ते दान एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येतं, आणि तेही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेनं ते पैसे घेऊन गावातल्या छोट्या संस्थेला द्यायचे, हेही बंद झालं. आमच्या अमेरिकेतल्या दोघांना हे समजावताना माझा घसा बसला. "मी निपाणीचाच की रे!" हे त्यांचं उत्तर. खरं आहे, पण कायदा पासपोर्ट बघतो. भावनेच्या भरात छोट्या संस्थेच्या खात्यावर डॉलर टाकलेत तर मदत होणार नाही, त्या संस्थेच्या मागं चौकशी लागेल.

काहीजण म्हणतात, संस्था सगळ्याच धुतल्या तांदळासारख्या नसतात. कबूल. म्हणून ऑडिट झालेला ताळेबंद मागा. प्रामाणिक संस्था तो आनंदानं दाखवते. आपल्यात निवृत्त अकाउंटंट काय कमी आहेत? छोट्या संस्थेची वर्षभराची वही नीट लावून देणं हीसुद्धा सेवाच आहे, आणि ती घरी खुर्चीवर बसून होते.

दुसरे म्हणतात, हे सरकारचं काम आहे. तेही कबूल. पण पाच लाख सरकारच देणार आणि ते मिळवायला लागणारा कागद म्हातारीला कुणीतरी लिहून देणार. या दोघांच्या मधली जागा रिकामी असते, आपण तिथं बसायचं.

राहता राहिला सगळ्यात अवघड भाग, टिकण्याचा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. सगळा महाराष्ट्र धावला आणि काही महिन्यांनी बहुतेक सगळे परतले. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीची मंडळी मदतीला गेली आणि त्यातून उस्मानाबाद जिल्ह्यात हराळीला त्यांचं केंद्र उभं राहिलं, निवासी शाळा सुरू झाली. मदतीचा ट्रक रिकामा झाल्यावरही कुणीतरी तिथं राहिलं, म्हणून हे घडलं. आपल्याला शाळा काढायची नाही, पण "कुणीतरी राहायला पाहिजे" एवढं त्यातून घेता येतं.

आपल्या बेळगावातलंच बघा. शांताई विद्या आधार घराघरातली रद्दी गोळा करून गरजू मुलांची फी भरते. रद्दी! जी आपण किलोच्या भावानं घालतो. संकटाची वाट न बघता दर महिन्याला थोडं थोडं, म्हणून ते चालतं.

आमच्या बॅचनंही तेच केलं. मोठी रक्कम एकदा देण्याऐवजी माणशी दरमहा दोनशे रुपये, बँकेला स्थायी सूचना देऊन थेट त्या अभ्यासवर्गाच्या संस्थेला. पेन्शनीतून दोनशे जातात ते कळतसुद्धा नाही. जुलै २०२१ मध्ये यमगर्णीला पुन्हा पाणी रस्त्यावर आलं, तेव्हा आम्हाला काहीच नव्यानं ठरवावं लागलं नाही. संस्थेनं फोनवर सांगितलं काय लागेल ते, आणि आम्ही तेवढंच केलं. ना भांडण, ना फोटो. सहाजण दरम्यान गेले, दोघांच्या मुलांनी वडिलांच्या नावचे दोनशे चालू ठेवलेत.

बॅचची खरी अडचण हीच आहे. आपण कमी होत चाललोय. १९७१ ची बॅच आणखी किती वर्षं टेबल मांडणार? म्हणून माझी विनंती २००० च्या, २०१० च्या बॅचना आहे. गेट-टुगेदर जरूर करा, शिक्षकांचा सत्कार करा, फेटे बांधा. पण त्या कार्यक्रमातली पंधरा मिनिटं काढून चार गोष्टी एका कागदावर लिहून ठेवा. आपल्या भागातली कोणती संस्था आपण धरणार. आपल्यात कोणाला काय येतं. कन्नड लिहिणारं कोण, डॉक्टर कोण, बँकेतलं कोण. दरमहा किती. तो कागद दर जूनला एकदा काढून बघा, गेलेल्यांची नावं खोडा, नवीन घाला.

तुमच्या बॅचनं २०१९ ला किंवा कोरोनात काय केलं, काय जमलं नाही, ते खाली जरूर लिहा. नुसता अंगठा नको.