जाहिरातींचे परीक्षक की जाहिरातींचे दुकानदार?

निवडणूक जवळ आली की स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्या वृत्तपत्रांना सत्याचा पुळका येतो. कोणत्या पक्षाची जाहिरात मतदाराची दिशाभूल करते, याचे निवाडे अग्रलेखांतून दिले जाऊ लागतात. निवाडे अवश्य द्यावेत. प्रश्न एवढाच की, न्यायासनावर बसलेल्याचे स्वतःचे वर्तन कसे आहे आणि त्याच्या हातातील तराजू सर्वांसाठी एकच आहे काय?

२००४ मध्ये वाजपेयी सरकारने सरकारी खर्चाने ‘इंडिया शायनिंग’ ही मोहीम चालवली. तिच्यातील चकचकीत दाव्यांची माध्यमांनी चिरफाड केली. लोकशाहीत ते योग्यच होते. २०१३ मध्ये मनमोहन सिंग सरकारने ‘भारत निर्माण’च्या जाहिराती दिल्या, त्याही सरकारी तिजोरीतूनच. पहिले नाव आजही फसव्या प्रचाराचा दाखला म्हणून लिहिले जाते. दुसरे कोणाच्या सहज स्मरणातही नाही. हा विसर आपोआप पडतो, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

याहून गंभीर प्रकार महाराष्ट्रातच घडला. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची ‘अशोकपर्व’ ही स्तुतिगाथा मोठ्या मराठी दैनिकांत ‘बातमी’ म्हणून झळकली. परस्परांचे स्पर्धक असलेल्या पत्रांत एकच मजकूर शब्दशः छापून आला. ‘द हिंदू’चे पी. साईनाथ यांनी हे उघड केले, आणि साईनाथ काही संघविचाराचे नव्हेत! त्यांनी अशी ४७ पूर्ण पाने मोजली. चव्हाण यांनी निवडणूक खर्चात वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये.

जाहिरात खोटी असली तरी ती जाहिरात आहे, हे वाचकाला दिसते. तो तिच्याकडे सावधपणे पाहतो. बातमीचे वस्त्र पांघरून आलेली जाहिरात मात्र त्याचा हा सावधपणाच हिरावून घेते. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढले, त्या परंपरेचे नाव सांगणाऱ्यांनी आरसाच भाड्याने द्यावा?

प्रेस कौन्सिलने या ‘पेड न्यूज’च्या चौकशीसाठी उपसमिती नेमली. तिने ७१ पानांचा, नावानिशी अहवाल दिला. परंतु कौन्सिलने २०१० मध्ये प्रसिद्ध केला तो नावे वगळलेला संक्षेप. मूळ अहवाल २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतरच अधिकृतपणे जनतेसमोर आला. इतरांच्या पारदर्शकतेवर स्तंभ खरडणाऱ्यांनी स्वतःची नावे झाकली जाऊ दिली. ही का निर्भीड पत्रकारिता?

येथे कोणी म्हणेल, चव्हाण तर २०२४ मध्ये भाजपमध्ये आले! खरे आहे. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचा निवडणूक आयोगाचा आदेश रद्द केला, हेही नोंदवले पाहिजे. परंतु प्रश्न उमेदवाराच्या पक्षाचा नाही, बातमीची जागा विकणाऱ्या पत्रांचा आहे. व्यक्तीने पक्ष बदलला म्हणून विकलेली पाने प्रामाणिक होत नाहीत.

तराजूचे दुसरे उदाहरण २०२४ चे. गरीब कुटुंबातील एका महिलेला वर्षाला १ लाख रुपये देण्याचे आश्वासन छापलेली ‘गॅरंटी कार्डे’ काँग्रेसने वाटली. मतदानानंतरच्या योजनांसाठी मतदारांची नावनोंदणी करणाऱ्या जाहिराती व सर्वेक्षणे थांबवा, असे निवडणूक आयोगाने २ मे रोजी सर्व पक्षांना बजावले. बारामतीचे मतदान तेव्हा अवघ्या ५ दिवसांवर होते. निकालानंतर लखनौच्या काँग्रेस कार्यालयाबाहेर महिला ती कार्डे घेऊन उभ्या राहिल्या. त्याच मे महिन्यात कलकत्ता उच्च न्यायालयाने भाजपच्या तृणमूलविरोधी जाहिरातींना मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. ही बातमी छापलीच पाहिजे. पण मग एक प्रकार ‘अपप्रचार’ आणि दुसरा ‘कल्याणकारी आश्वासन’, हे नामकरण कोणत्या शाळेत शिकवले जाते?

कायद्यातही पळवाट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशामुळे दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरातींना पूर्वप्रमाणन आवश्यक झाले. छापील जाहिरातींसाठी मात्र २०२४ मध्येही ही अट केवळ मतदानाच्या व त्याच्या आदल्या दिवसापुरतीच होती. बाकीच्या दिवसांत राखणदार एकच, तो म्हणजे जागरूक वाचक.

म्हणून बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुकपासून मुंबईपर्यंत, प्रत्येक गावातील कार्यकर्त्याने आणि प्रत्येक कुटुंबाने निवडणुकीच्या काळात वृत्तपत्र हातात कात्री घेऊन वाचावे. एकच मजकूर दोन पत्रांत दिसला, ‘बातमी’त केवळ आरती आढळली, की कात्रण तारखेसह जपावे आणि जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे लेखी तक्रार करावी. लाभ आपल्या विचाराच्या उमेदवाराला होत असला, तरीही करावी. पक्षपाताचा धिक्कार करण्याचा अधिकार, स्वतः पक्षपात न करणाऱ्यालाच मिळतो. तो अधिकार माध्यमांनी गमावला आहे. समाजाने तो गमावता कामा नये.