रस्ता परभणीचा, निर्णय कोणाचा?

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात चालकाविना धावणाऱ्या टॅक्स्यांना ऑगस्ट २०२३ मध्ये चोवीस तास भाडे घेण्याची मुभा मिळाली. ती दिली कॅलिफोर्निया राज्याच्या आयोगाने. शहराचे अग्निशामक दल हरकत घेत राहिले. तिला कोणी दाद दिली नाही. दोनच महिन्यांनी, दुसऱ्या मोटारीच्या धडकेने पडलेली एक पादचारी स्त्री ‘क्रूझ’ कंपनीच्या अशा गाडीखाली फरफटली गेली आणि त्या कंपनीचा परवाना राज्यालाच स्थगित करावा लागला.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही आमची म्हण कितीही डौलाची असली, तरी चालकरहित मोटार येथे उद्या अवतरणार नाही. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी तर चालकांच्या रोजगाराचे कारण देऊन २०१७ मध्येच तिला विरोध दर्शविला होता. परंतु रस्ता ज्यांचा त्यांना न विचारता त्यावर नवे वाहन आणण्याची रीत आपल्याकडे केव्हाच रुजली आहे. ई-रिक्षाला २०१५ मध्ये कायद्यात स्थान मिळाले. ती उभी कोठे राहावी आणि जुन्या रिक्षाचालकाच्या पोटाचे काय, हे पाहणे मात्र कोणा एकाचे काम नाही. परवाना परिवहन प्राधिकरणाचा, रस्ता महापालिकेचा, शिट्टी पोलिसांची आणि बसस्थानक एस.टी. महामंडळाचे!

१९६६ च्या नगररचना कायद्यान्वये विकास आराखड्यावर हरकती मागविल्या जातात हे खरे. पण तेथे हरकत घेतो तो बहुधा जमीनमालक. रेल्वे स्थानकापासून कृषी विद्यापीठापर्यंत रोज जाणारा विद्यार्थी कोणत्या अर्जावर सही करणार? याउलट २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींना दिल्या. (अंमलबजावणीची कथा निराळी.) भाजीवाल्याला जो हक्क कायद्याने मिळाला, तो रिक्षाचालकाला आणि त्याच्या प्रवाशाला का नसावा?

तीन लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांसाठी केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘पीएम ई-बस सेवा’ जाहीर केली. २०११ च्या जनगणनेनुसार परभणीची लोकसंख्या तीन लाखांवर आहे. बस येवो वा मोबाइलवरून बोलावण्याची रिक्षा, तिचे मार्ग आणि थांबे कागदावर येण्यापूर्वी महापालिकेने पोलीस, परिवहन खाते, एस.टी., रिक्षा संघटना आणि प्रवासी यांची समिती नेमावी, तिची इतिवृत्ते वाचनालयात ठेवावीत, आणि बैठका कचेरीच्या वेळेनंतर घ्याव्यात. एरवी तेथे शिक्षक आणि कारकून येणार तरी कसे?