मागे नेलेली शर्यत, मागे न नेलेला नियम

१/ २०१८ साली शिडाच्या नौकांची एक विलक्षण शर्यत सुरू झाली. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची, तीही १९६८ सालच्या साधनांनिशी. दिशा शोधायला उपग्रह नाहीत. सेक्स्टंट, कागदी नकाशे आणि तारे. काळ पन्नास वर्षे मागे नेणाऱ्या या शर्यतीत एक गोष्ट मात्र मागे नेली नव्हती. हा धागा त्या गोष्टीविषयी आणि आपल्या किनाऱ्याविषयी.

२/ या कथेचा उगम मुंबईत आहे. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर नोकरी करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने १९६० च्या दशकात मुंबईत बर्मी सागवानाची ३२ फुटी नौका बांधून घेतली. नाव ‘सुहेली’. तिला घडवणारे हात इथल्या सुतारांचे होते.

३/ १४ जून १९६८ रोजी तो ‘सुहेली’ घेऊन इंग्लंडमधील फालमथहून पहिल्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीसाठी निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतला. नऊ जण निघाले होते. शर्यत पूर्ण करणारा तो एकटा. डोनाल्ड क्रोहर्स्ट अटलांटिकमध्येच फिरत राहिला, खोटी ठिकाणे कळवत राहिला आणि अखेरीस बेपत्ता झाला. त्याची रिकामी नौका तेवढी सापडली.

४/ २०१८ ची शर्यत त्या पहिल्या शर्यतीच्या सुवर्णमहोत्सवाची होती. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी तीत ‘तुरिया’ घेऊन उतरले. ‘तुरिया’ म्हणजे ‘सुहेली’ची प्रतिकृती, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळाने ‘तुरिया’ उलटवली, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली. त्यांना उठताही येत नव्हते.

५/ तरीही जगाला त्यांचा ठावठिकाणा ठाऊक होता. दिशा शोधायला उपग्रह वर्ज्य असले, तरी प्रत्येक नौकेवर संकटसूचक यंत्र आणि संदेश पाठवणारे उपग्रह-यंत्र सक्तीचे होते. नौदलाच्या विमानाने ‘तुरिया’ शोधली आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने टॉमींना उचलले. पुढच्या शर्यतीत, २०२३ च्या एप्रिलमध्ये, ते दुसरे आले. परत आलेला माणूसच पुन्हा निघू शकतो.

६/ हा शहाणपणा शर्यतीच्या जगाला फुकट मिळालेला नाही. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंड-आयर्लंडच्या समुद्रातील फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका होत्या. वादळात १५ स्पर्धक गेले. त्यानंतर आयोजकांनी सविस्तर चौकशी केली आणि अहवाल सर्वांपुढे ठेवला.

७/ त्यातील एक निष्कर्ष इतिहासाच्या अभ्यासकाला थांबवणारा आहे. सोडून दिलेल्या २४ नौकांपैकी बुडाल्या फक्त ५. उरलेल्या तरंगत्या सापडल्या. म्हणजे घाबरून तराफ्यात उतरणे अनेकदा नौकेत थांबण्यापेक्षा घातक ठरले. पुढे कमरेचे पट्टे, रेडिओ, नौकेचा तोल यांचे नियम कडक झाले. मृत्यूची मोजदाद झाली आणि मोजदादीतून नियम आले.

८/ आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. राजोडीच्या उत्तरेला अर्नाळ्यापाशी वैतरणा सागराला मिळते. याच नदीचे नाव घेतलेली ‘वैतरणा’ आगबोट नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात नाहीशी झाली. बोटीवर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. लग्नाची वऱ्हाडे होती, परीक्षेला निघालेली मुले होती. सातशेहून अधिक जीव गेले. दिवे नवे होते. जीव वाचवण्याची साधने अपुरी होती.

९/ १७ जुलै १९४७. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले होते. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. टायटॅनिकला पस्तीस वर्षे उलटली होती, तरी ‘रामदास’वर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. मुंबई हाकेच्या अंतरावर असूनही शहराला बातमी कळायला कित्येक तास गेले. तोवर जे वाचले ते मुख्यतः कोळी बांधवांच्या होड्यांमुळे.

१०/ आपण या घटनांचे काय केले? ‘वीजळी’ची गुजरातीत लोकगीते झाली, ‘रामदास’ची आठवण गिरगावापासून अलिबागपर्यंत घराघरांत राहिली. लोकस्मृती मोलाचीच, मात्र ती शोक जपते, कारणे जपत नाही. बोटीवर माणसे किती होती, साधने किती होती, कोणत्या क्षणी काय करायला हवे होते, हे गाण्यात उरत नाही.

११/ म्हणूनच तीच चूक आपल्याला नवी वाटत राहते. १३ जानेवारी २०१८ रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूच्या समुद्रात, सुमारे ४० विद्यार्थ्यांना घेऊन निघालेली होडी उलटली आणि तीन मुली गेल्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नील कमल’ लाँचला नौदलाची वेगवान बोट धडकली. १५ जण गेले. दोन्ही बोटींवरच्या बहुतेक प्रवाशांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते.

१२/ या दोन तारखा पुन्हा पाहा: जानेवारी आणि डिसेंबर. समुद्र शांत असण्याचा हा काळ. आपल्या कोळी समाजाचा सुरक्षेचा नियम जुना आणि शहाणा आहे. पावसाळ्यात दर्या बंद, नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावर पुन्हा सुरू. १ जून ते ३१ जुलै ही सरकारी मासेमारीबंदी त्याच ऋतूतली. पण हा नियम ‘केव्हा जावे’ एवढेच सांगतो. ‘काय घालून जावे, किती जणांनी जावे’ हे तो सांगत नाही. तांडेल आणि खलाशी पोहणारे, पाणी ओळखणारे. त्यांना ते सांगावे लागत नव्हते. सुट्टीत आलेल्या पर्यटकाला सांगावेच लागते.

१३/ कोणी म्हणेल, यॉट शर्यत हा श्रीमंतांचा छंद. त्याचे नियम अर्नाळ्याच्या होडीला कशाला? आक्षेप निम्मा खरा आहे. महासागरी नौकेची सामग्री आपल्या होडीवाल्याला परवडणार नाही आणि तिची गरजही नाही. पण लाइफ जॅकेट, माणसांची मोजणी आणि मदत मागण्याचे साधन यांना महासागर लागत नाही.

१४/ दुसरा आक्षेप: ‘प्रवास तर दहा मिनिटांचा.’ ‘रामदास’ धक्का सोडल्यावर तासाभरातच गेली. डहाणूची होडी किनारा दिसत असतानाच उलटली. बुडायला अंतर लागत नाही.

१५/ विक्रमवीरही हेच सांगतात. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन निघाले. त्याआधी काही वर्षे नौका बांधून घेण्यात, तपासण्यात आणि शिकण्यात गेली; शिकायला ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडेही गेले होते. नऊ महिन्यांच्या विक्रमामागे तयारीची वर्षे होती. आपण हार घालतो विक्रमाला. अनुकरण व्हायला हवे तयारीचे.

१६/ म्हणून माझे मत स्पष्ट आहे. राजोडी, कळंब, अर्नाळ्याच्या वाळूवर सुट्टीत गर्दी होते, अर्नाळ्याच्या किल्ल्यावर जायला होडीच लागते. इथे तीन गोष्टी व्हाव्यात: होडीवर ठळक मराठीत प्रवाशांची मर्यादा, दोर सुटण्यापूर्वी प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट, बाकाखाली रचलेले नव्हे, आणि प्रत्येक अपघाताच्या चौकशीचा अहवाल मराठीत, कोणालाही वाचता येईल असा.

१७/ यातील तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मीळ. फास्टनेटचे १५ मृत्यू आज जगभरच्या नाविकांना शिकवतात, कारण कोणीतरी ते लिहून ठेवले आणि उघड केले. ‘रामदास’चे सहाशे त्याहून खूप अधिक शिकवू शकले असते.

१८/ १७ जुलैला आपल्याकडे आठवणीच्या पोस्ट फिरतात. पुढच्या १७ जुलैला त्यासोबत आपापल्या धक्क्यावरच्या होडीचे प्रवासी मोजा, जॅकेटे मोजा आणि तो आकडा लिहा. आकडे जुळत नसतील, तर होडी सुटण्यापूर्वीच तांडेलला विचारा.

(धागा समाप्त)