आठ आकड्यांचा ‘ए’

पहिल्या आयबीएम पीसीच्या रॉममध्ये 128 अक्षरांचे साचे कुणालाही वाचता येत. प्रत्येकाला आठ बाइट, सगळे मिळून 1024. बेसिकमधल्या ‘पीक’ या मेमरी वाचणाऱ्या आज्ञेने मी कॅपिटल ‘ए’ काढला: 48, 120, 204, 204, 252, 204, 204, 0. हे आकडे बायनरीत एकाखाली एक मांडून चौकटीच्या वहीत एकाच्या जागी घर रंगवा, अक्षर उभं राहतं! शाळेत संगणकाची सुरुवात इथूनच व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

देवनागरीला मात्र आठ ओळी पुरत नाहीत. वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, शिवाय जोडाक्षरं. ज्यांनी त्या सुरुवातीच्या काळात देवनागरीचे साचे घर-घर भरून घडवले, त्यांच्या वह्या आणि फ्लॉप्या रद्दीत जाता कामा नयेत. विद्यापीठांनी त्या आताच मागून घ्याव्यात आणि सर्वांसाठी खुल्या कराव्यात.