मतदानाच्या दिवशी विलगीकरणात असलेल्यांचे काय?

दि. 21 डिसेंबर 2020

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे
मार्फत : मा. तहसीलदार, शिरूर व दौंड

विषय : ग्रामपंचायत निवडणुकीत कोरोनाबाधित, विलगीकरणातील व यादीबाहेर राहिलेल्या मतदारांबाबत.

महोदय,

राज्यातील 14,234 ग्रामपंचायतींच्या निवडणुकीत आमच्या दोन्ही तालुक्यांतील गावेही आहेत. मतदान 15 जानेवारी 2021 रोजी, पण मतदार यादी 25 सप्टेंबरची. मधले 112 दिवस गेले कुठे? टाळेबंदीत काम सुटून पुण्या-मुंबईहून गावी परतलेल्यांना तेव्हा मतदार नोंदणीच्या नमुना 6 पेक्षा रेशनची चिंता मोठी होती. पुढे 17 नोव्हेंबरला पुनरीक्षण सुरू झाले, त्याची अंतिम यादी लागणार नेमकी 15 जानेवारीला. ज्या दिवशी नाव लागायचे, त्याच दिवशी मत हुकायचे! यादीची तारीख बदलणे आपल्या हाती नाही, याची जाणीव आहे. ही अडचण आपल्या अभिप्रायासह राज्य निवडणूक आयोगाकडे पाठवावी, एवढी विनंती.

आजाऱ्यांचा प्रश्न मात्र इथेच सुटू शकतो. बिहारमध्ये नुकत्याच झालेल्या विधानसभा निवडणुकीत बाधितांना शेवटच्या तासात मतदानाची मुभा होती. तशी वेळ येथेही राखून ठेवावी. प्राथमिक आरोग्य केंद्राने नेण्या-आणण्याची सोय करावी. उमेदवाराच्या गाडीतून रुग्ण येऊ नये. बाधितांची नावे कोणत्याही पॅनेलप्रमुखाच्या हाती पडू नयेत, हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. प्रभागात निकाल दोन-चार मतांनी फिरतो, आणि भावकीच्या राजकारणात 'अमका पॉझिटिव्ह आहे' ही आवई उठवून त्याला घरी बसवणे अवघड नाही. अहवालाशिवाय कोणालाही केंद्रावरून परत पाठवू नये. या व्यवस्थेत काम करणाऱ्या आशाताईंना मास्क, हातमोजे आणि जादा कामाचा मोबदला मिळावा.

आणखी एक. दोन्ही तालुक्यांत सध्या गाळप हंगाम सुरू आहे. बीड-नगरकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या गावांतही त्याच दिवशी मतदान आहे. मुकादमाची उचल घेतलेले जोडपे आपणहून रजा मागणार नाही. कारखान्यांना सुट्टीबाबत लेखी सूचना द्याव्यात आणि मजूर मतदान करून परतल्यावर त्यांच्या कोपीवर (झोपडीवर) तपासणी व्हावी.

केंद्रनिहाय व्यवस्था 8 जानेवारीपर्यंत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.

आपले विश्वासू,
शिरूर व दौंड तालुक्यांतील मतदार
(सह्यांची यादी सोबत)