खोकल्याची बाटली दप्तरात नको

"बाई, मधल्या सुट्टीत याला दोन झाकणं औषध द्या." पावसाळा सुरू झाला की अशी चिठ्ठी आणि सोबत बाटली दप्तरातून येतेच. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या प्रत्येकाचा हा अनुभव असेल. पूर्वी मीही औषध देत होते. आता देत नाही. का, ते सांगते.

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात साधा सर्दी-खोकला झालेली 20 हून अधिक मुले दगावली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली. अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. त्यांना दिलेल्या 'कोल्ड्रिफ' सिरपच्या तपासणीत 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. मर्यादा आहे 0.1 टक्के!

हा गोडसर, रंगहीन द्रव कारखान्यात वापरतात. औषधात वापरायच्या ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये तो मिसळला गेला, तर जिभेला कळत नाही. मूत्रपिंडं मात्र निकामी होतात.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. 1937 मध्ये अमेरिकेत याच विषाने 100 हून अधिक माणसं गेली, आणि पुढच्याच वर्षी तिथे औषधांचा कडक कायदा आला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 मध्ये भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले. 2022 मध्ये गांबियातील सुमारे 70 बालमृत्यूंचा संबंध भारतात बनलेल्या सिरपशी जोडला गेला. तरीही आपण शिकलो नाही.

यात आईबापांना दोष देणं मला पटत नाही. त्यांनी डॉक्टरांवर आणि लेबलवर विश्वास ठेवला. कच्च्या मालाची आणि प्रत्येक बॅचची तपासणी विक्रीआधी व्हायला हवी. ती जबाबदारी कंपनीची आणि सरकारची. मुलं गेल्यावर छापे टाकणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला!

मग आपल्या हातात काय आहे? बाटलीत काय आहे ते आपल्याला कळणार नाही, पण गरज नसताना ती उघडायची नाही, एवढं नक्की जमेल.

1. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, पाच वर्षांखालीही शक्यतो टाळावीत, असा केंद्र सरकारचा सल्ला आहे.
2. मुलांचा साधा खोकला बहुधा आपोआप बरा होतो. विश्रांती आणि भरपूर पाणी द्या. श्वास लागला किंवा ताप उतरत नसेल, तर डॉक्टरांकडे जा.
3. मोठ्या भावंडाची उरलेली बाटली धाकट्याला नको.
4. औषधानंतर उलट्या होऊ लागल्या, लघवी कमी झाली किंवा मूल सुस्तावलं, तर बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

शिक्षक मित्रांनो, पुढच्या पालकसभेत अभ्यासाआधी पाच मिनिटं या विषयाला द्या. पटावरचं प्रत्येक नाव हजेरीला "हजर" म्हणायला हवं ना!